एकशे तीन

१ जुलै २०२४ ला सोमवार होता. त्या दिवशी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. हिंगोलीच्या कोर्टात आमच्या वकिलांच्या खोलीत त्या सकाळी प्रत्येकाच्या हातात जुन्या-नव्या कलमांचा तक्ता होता. आयुष्यभर ज्यांच्या जिभेवर ३०२ आणि ४२० बसलेलं, ते सगळे शाळकरी पोरांसारखं पाठांतर करत होते. ४२० चं ३१८ झालं म्हणून हशा पिकला. आणि ३०२ चं? कुणीतरी ओरडलं, "एकशे तीन!" मी तेवढा हसलो नाही. जुन्या कायद्यात कलम १०३ म्हणजे मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव घेण्याची मुभा. नव्या कायद्यात १०३ म्हणजे खुनाची शिक्षा. ही अदलाबदल कुणी मुद्दाम केलेली नाही हे मला कळतं. पण आमच्या घराण्यापुरतं म्हणाल तर तो आकडा पन्नास वर्षांनी आपल्या खऱ्या जागी जाऊन बसला.

मग मी जुन्या १०३ चं नवं रूप काढलं. ते ४१ वं कलम. दोनदा वाचलं. मी शोधत होतो ती ओळ त्यात नव्हती. त्या एका ओळीसाठी मी एकवीस वर्षांपूर्वी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव करत सह्या गोळा करत फिरलो होतो. आता ती नव्हती आणि ती गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी सगळ्यांना चहा सांगितला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणालो, असाच.

ती ओळ कोणती ते सांगायला हवं. दंड संहितेत ९६ ते १०६ ही कलमं स्वतःच्या बचावाची. आमच्याकडे निजामाच्या काळात वकिली शिकलेले जुने वकील त्याला 'हिफाजते खुद-इख्तियारी' म्हणत. मी नवखा असताना एक म्हातारे वकील हा शब्द असा काही उच्चारत की आरोपी निम्मा सुटलाच असं वाटे. मेकॉलेनं १८३७ मध्ये या संहितेचा मसुदा केला तेव्हा हा हक्क बऱ्यापैकी सैल ठेवला. इथल्या लोकांत मर्दानी बाणा कमी आहे, तो जागवायला हवा, असं त्याचं मत होतं. तरीही त्यानं मर्यादा घातल्या. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्क नाही. आणि मालमत्तेसाठी जीव घ्यायचा तर फक्त चार प्रसंगी: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या जागेला आग लावणं, आणि चौथा प्रसंग साध्या चोरीचा किंवा घुसखोरीचा, पण तेव्हाच, जेव्हा आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी.

महाराष्ट्रानं १९७१ मध्ये त्यात पाचवा प्रसंग जोडला. उत्तर प्रदेशानं त्याआधी १९७० मध्ये, कर्नाटकानं नंतर १९७२ मध्ये. सरकारची, नगरपालिकेची, सरकारी कंपनीची, रेल्वेची कुठलीही मालमत्ता किंवा भाड्यानं प्रवासी नेणारं वाहन कुणी आगीनं किंवा स्फोटकानं नष्ट करू लागला, तर त्याचा जीव घेण्यापर्यंत बचावाचा हक्क जाईल. थोडक्यात, एस.टी. जाळणारा मारला तर चालेल. गाडीत माणूस असो की नसो. आणि हा हक्क पोलिसांपुरता नाही, कारण ९७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या मालाचं रक्षणही कुणालाही करता येतं.

या ओळीशी माझं वैर का जुळलं, ते आजवर मी लिहिलेलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. कळमनुरी तालुक्यातलं आमचं गाव. अब्बा उर्दू शाळेत मास्तर, शेती चाचा बघायचे. आमच्या विहिरीला तेवढं पाणी टिकलं म्हणून दीड एकर ज्वारी हाती लागली होती. गावातली बाकीची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथं सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेची ती लाल मिलो. आमच्या घरी पांढरी भाकरी होती याची मला तेव्हा लाज नाही, ऐट वाटायची.

जानेवारी १९७३. कणसं खुडून खळ्यावर पडली होती. चाचा रात्री राखणीला जात आणि मी हट्टानं त्यांच्याबरोबर. त्या रात्री मी कडब्यात गाढ झोपलो होतो. चाचांच्या आवाजानं उठलो. "कौन है रे? कौन है उधर?" मग एक आवाज झाला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. चाचांची काठी लोखंडी साम बसवलेली होती. त्यांनी मला कंदील आणायला सांगितलं.

कंदील मीच धरला होता. तो माणूस कुशीवर पडला होता. अंगावर फाटकं धोतर होतं. बाजूला चवाळ्याचं गाठोडं सुटून कणसं पसरली होती. एका मुठीत एक कणीस अजून धरलेलं होतं, दुसरा हात रिकामा आणि उघडा. त्याला आम्ही ओळखत होतो. वस्तीवरचा होता, पेरणीला आमच्याकडे मजुरीला येत असे. चाचा त्याला हलवत होते, नावानं हाका मारत होते, मध्येच मला "देख मत" म्हणत होते. मला घरी पाठवलं. मी पळत गेलो, अब्बांना उठवलं.

सकाळी पोलीस आले तेव्हा गावच्या पोरांबरोबर मीही लांबून बघत होतो. त्याच्या उघड्या हाताजवळ एक विळा पडला होता. त्याच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती मूठ फुटल्यावर अब्बांनीच स्वतः तार गुंडाळली होती, आमच्या ओसरीत बसून. अम्मी त्या विळ्यानं कडबा कापायची.

मला साक्षीदार केलं नाही. मुलगा त्या रात्री घरीच होता असं ठरलं. कुणी मला खोटं बोल म्हणालं नाही, कारण कुणी मला काही विचारलंच नाही. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, खटला परभणीला चालला. विळ्याचं महत्त्व मला वकील झाल्यावर कळलं. खळं म्हणजे घर नव्हे, तेव्हा रात्रीची घरफोडी होत नाही. उरते साधी चोरी. साध्या चोरीत मारहाणीपर्यंत हक्क आहे, जीव घेण्यापर्यंत नाही. विळा नसता तर चाचांना सदोष मनुष्यवधाखाली काही वर्षं गेली असती. विळ्यामुळे चौथा प्रसंग लागू झाला: अंधार, एकटा राखणदार, समोर हत्यारबंद माणूस, जिवाची रास्त भीती. चाचा निर्दोष सुटले. निकालात लबाडी नव्हती. न्यायाधीशांपुढं जे आलं त्यावर दुसरा निकाल देता आला नसता.

सुटून आले त्या दिवशी घरी बिर्याणी झाली. गावचे पेशइमाम आले होते. आपल्या मालाचं रक्षण करताना जो मारला जातो तो शहीद, ही हदीस त्यांनी सांगितली आणि लुटारू मारला गेला तर मारणाऱ्यावर बोजा नाही, असंही म्हणाले. अब्बा जेवायला बसले नव्हते. दारातच उभे राहून म्हणाले, "मौलाना, और कहत के साल का क्या हुकम है?" दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर (रजि.) यांनी चोराचा हात तोडण्याची शिक्षा स्थगित ठेवली होती, हे मौलानांना काय, तिथल्या बहुतेकांना ठाऊक होतं. हिजरी १८ चं ते राखेचं वर्ष. कुणी काही बोललं नाही. चाचांनी ताट बाजूला सारलं. दोघा भावांचं बोलणं त्यानंतर कामापुरतं उरलं, चाचा १९९६ ला वारले तोवर.

चाचा वाईट नव्हते. हे मी त्यांच्या बचावासाठी लिहीत नाही, त्यांचा बचाव एकदा झालेला आहे. त्या रात्री ते खरंच घाबरले होते, मी त्यांचा आवाज ऐकला आहे. काठी उगारताना समोरच्याच्या हातात काय आहे ते त्यांना दिसलं नसणार. भीती खरी होती. खोटा होता तो विळा, आणि तो घाबरलेल्या माणसानं नव्हे, भीती ओसरल्यावर विचार करणाऱ्या माणसानं ठेवला.

वकिलीत मी हा विळा पुन्हा पुन्हा पाहिला. कधी तो कोयता असतो, कधी दगड, तर चकमकीच्या बातमीत गावठी कट्टा. १९९३ च्या जानेवारीत मुंबईत सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस घुसले आणि आठ माणसं मेली. आतून हत्यारबंद लोक गोळ्या झाडत होते असं पोलिसांचं म्हणणं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं १९९८ च्या अहवालात ते मानलं नाही. तिथं तर विळा ठेवायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत, नुसतं सांगणं पुरलं. मुंबईतल्या चकमकींबद्दल 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज'नं महाराष्ट्र सरकारविरुद्ध नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या सप्टेंबरात नियम घालून दिले: गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याच्या किंवा सीआयडीच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्याची चौकशी करा. म्हणजे स्वतःचा बचाव केला असं म्हणणाऱ्यानंच पंचनामा लिहायचा नाही. एवढी साधी गोष्ट कागदावर यायला किती मढी पडावी लागली.

१९७१ ची ती ओळ मला सापडली वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, कायद्याच्या पुस्तकात बारीक टाइपात, राज्य दुरुस्ती म्हणून. वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण या पाचव्या प्रसंगात विळ्याचीही गरज नव्हती. जिवाची भीती दाखवायची अटच नव्हती. रिकामी एस.टी. आणि लेकराबाळांचं राहतं घर कायद्यानं एका पंगतीला बसवलं होतं. खरं तर एस.टी.ला वरचं पान. मराठवाड्यात १९७८ ला नामांतराच्या वेळी दलितांची घरं जळाली. त्यांना स्वतःच्या घराला आग लावणाऱ्याला अडवायचा हक्क मेकॉलेपासून होता. तो त्यांना कुणी सांगितला? आणि त्यांनी वापरला असता तर कोणत्या कोर्टानं ऐकेपर्यंत ते जिवंत राहिले असते?

२००१ मध्ये अब्बा गेले. जाण्याआधी काही दिवस त्यांनी मला विचारलं, "तू वो रात कंदील पकडा था ना?" मी हो म्हणालो. "तार देखा?" हो. त्यापुढं ते काही बोलले नाहीत. मला वाटतं, मला माहीत आहे की नाही एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

२००३ मध्ये आम्ही तिघांनी, दोन वकील आणि एक निवृत्त शिक्षक, ती ओळ काढून टाकावी म्हणून निवेदन तयार केलं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, तेव्हा राज्यानं जोडलेली ओळ राज्याला पुन्हा विधेयक आणून काढता येते. सह्यांचे कागद घेऊन आठवडी बाजारात, कयाधूच्या पुलावर, बसस्थानकासमोर उभे राहिलो. बसस्थानकासमोर उभं राहणं हा मूर्खपणाच होता. एक चालक तावातावानं भांडायला आला. "वकीलसाहेब, गाडीत चाळीस-पन्नास माणसं असतात. पेटवली तर आम्ही बघत बसायचं?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आत माणसं असतील तर त्यांच्या जिवासाठी १०० वं कलम आहेच, ते कुणी काढा म्हणत नाही, हे त्याला सांगायला मला अर्धा तास लागला. शेवटी त्यानं सही केली नाही, पण चहा पाजला.

खरी अडचण आपल्याच मोहल्ल्यात आली. १९९२-९३ होऊन गेलेलं, २००२ चं गुजरात तर कालचं. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक तरुण मला म्हणाला, "वकीलसाब, हमारे पास है क्या बचाव के लिए? एक कलम है, वो बी तुम काढ के देते?" आजूबाजूचे सगळे त्याच्या बाजूनं होते आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही असतो. स्वतःच्या, बायकापोरांच्या, शेजाऱ्याच्या जिवासाठी हात उचलायचा हक्क माझ्याही लेखी पवित्र आहे. २०१३ मध्ये १०० व्या कलमात ॲसिड फेकणाऱ्याविरुद्धचा हक्क जोडला गेला, तेव्हा मी आनंदानं टाळी वाजवली. पण जिवासाठीचा हक्क वस्तूकडे सरकू लागला की तो हळूहळू वस्तूवाल्याचा होतो. मी त्या पोराला विचारलं, "दंगलीत बस जळाली तर जाळणारा म्हणून पहिलं नाव कुणाचं येईल? तुझं की माझं?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "दोनों का." त्यानं सही केली, त्याच्या मित्रांनीही केली. बाकीचे निघून गेले. माझा युक्तिवाद त्यांना पटला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मुंबईला गेलं. पुढील कार्यवाहीसाठी पाठवल्याचं छापील उत्तर आलं. आणखी दोन स्मरणपत्रं पाठवली. तिघांपैकी एकजण औरंगाबादला गेला, एक अल्लाला प्यारा झाला.

पुढं २०१२ मध्ये फ्लोरिडातली बातमी वाचली. ट्रेव्हॉन मार्टिन, सतरा वर्षांचा काळा मुलगा, दुकानातून गोळ्यांचं पाकीट घेऊन येत होता. खाऊच्या गोळ्या. वस्तीवर पहारा ठेवणाऱ्यानं त्याला संशयित ठरवलं, झटापट झाली, गोळी घातली. आपण स्वतःचा बचाव केला असं तो म्हणाला आणि २०१३ मध्ये सुटला. फ्लोरिडानं २००५ मध्येच कायदा केला होता की धोका वाटला तर मागं हटायची गरज नाही, जिथं उभे आहात तिथून मारा. तो रद्द करा म्हणून तरुण मुलं राज्याच्या विधानभवनात महिनाभर ठाण मांडून बसली. रद्द झाला नाही. जॉर्जियात मात्र २०२० मध्ये पळायचा व्यायाम करणाऱ्या अहमद आर्बरीला चोर समजून मारलं गेलं आणि त्यानंतर लोकांनी रेटा लावल्यावर सामान्य नागरिकाला अटकेचा अधिकार देणारा १८६३ चा कायदा २०२१ मध्ये तिथल्या राज्यानं रद्द केला. एकशे अठ्ठावन्न वर्षांनी. ते वाचून मी कपाटातली आमची फाइल काढली. वाळवीनं सह्यांचे दोन कागद खाल्ले होते.

आणि मग १ जुलै २०२४. मूळ संहिताच गेली, तिच्यासोबत आमची ओळ गेली. माझ्या फाइलीचा त्यात काडीचा वाटा नाही. नव्या कायद्यातल्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, त्यावर वेगळं लिहीन.

चहा झाल्यावर मी मोंढ्यात गेलो. त्या माणसाचा मुलगा तिथं हमाली करायचा, आता वयामुळे काट्यावर पोत्यांचा हिशेब ठेवतो. तो माझ्याच वयाचा. इतकी वर्षं येता-जाता आम्ही एकमेकांना रामराम घातलेला आहे. २००३ मध्ये सह्या गोळा करताना मी हिंगोलीतल्या प्रत्येक गल्लीत गेलो, मोंढ्यात गेलो नव्हतो.

हळदीच्या पोत्यांच्या थप्पीआड आम्ही बसलो. मी त्याला सगळं सांगितलं. कंदील, मूठ, तार. सांगताना मी वकील असल्याचं विसरलो आणि भलत्याच क्रमानं सांगत गेलो. त्यानं मध्ये काही विचारलं नाही. माझं संपल्यावर तंबाखू मळत म्हणाला, "आमच्या मायला ठाव होतं ते, वकीलसाब."

"कसं?"

"घरात विळा होता एक. तो दिवाळीच्या आधीच इकला व्हता बानं. इळा असता तर ज्वारी आणली असती की त्याच्यावर."

मग काट्यावरून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला, धोतर झटकलं आणि पोती मोजायला गेला.